रामशास्त्र्यांचा एका दिवसाचा शिधा

सचोटीने वागून आजच्या संसारात निभाव लागेल काय, हा प्रश्न गृहस्थाश्रमी मनुष्यास पदोपदी छळतो. चंडीगड नगरीत उच्च न्यायालय, विधानसभा व सचिवालय यांच्याच परिसरात एक प्रचंड धातूचा हात उभा आहे. नगरीचे रचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी कल्पिलेले हे शिल्प १९८५ साली उभारले गेले. देण्यास उघडा आणि घेण्यासही उघडा, असा त्याचा भाव. परंतु उघड्या हाताने काय घ्यावे आणि काय नाकारावे, हा विवेक शिल्पातून मिळत नाही. तो सत्पुरुषांच्या चरित्रांतून शिकावा लागतो. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र याच विवेकाचा पाठ होय.

रामशास्त्री हे साताऱ्याजवळील क्षेत्र माहुलीचे. बालपणीच पितृछत्र हरपल्याने विद्येचा योग आला नाही. साताऱ्यास एका सावकाराच्या घरी आश्रित म्हणून राहत असता त्यांच्या अज्ञानावर बोट ठेवले गेले. तो शब्द जिव्हारी लागला आणि ऐन तारुण्यात त्यांनी काशीची वाट धरली. तेथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते परतले, पेशव्यांच्या सेवेत शास्त्री म्हणून रुजू झाले, आणि १७५९ साली मुख्य न्यायाधीशपदी आले.

अधिकार मोठा, पण घर साधेच राहिले. एका दिवसापुरताच शिधा घरात ठेवावा, असा त्यांचा नेम होता असे सांगतात. दक्षिणावाटपाच्या वेळी त्यांचे बंधू पुढे आले असता नाना फडणिसांनी त्यांस अधिक द्यावे असे सुचविले. तेव्हा शास्त्रीबोवांनी त्यांस इतर सामान्य ब्राह्मणांइतकीच दक्षिणा देवविली. पत्नी वाड्यातून अलंकारांनी नटून पालखीतून परत आली, तेव्हा त्यांनी घराचे दार लावून घेतले. दागिने परत गेल्यावरच ते उघडले, अशी आख्यायिका आहे. या सर्व गोष्टी वरवर लहान दिसतात. कोणी म्हणेल, भावास चार रुपये अधिक मिळाले असते तर काय बिघडले असते?

त्याचे उत्तर १७७३ साली मिळाले. त्या वर्षीच्या ३० ऑगस्ट रोजी शनिवारवाड्यात तरुण पेशवे नारायणराव यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. शास्त्रीबोवांनी चौकशी चालविली, आणि दोषाचा माग थेट रघुनाथरावांपर्यंत पोहोचला. प्रायश्चित्त विचारले गेले, तेव्हा या पापास देहांतावाचून प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी सत्ताधीशाच्या समक्ष दिला, पद सोडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

ज्याच्या घरात वर्षाचे धान्य, वाड्याचे अलंकार आणि दरबाराच्या मेहेरबानीची यादी साठलेली असते, त्यास असे एकाएकी उठून जाता येत नाही. शास्त्रीबोवांपाशी गमावण्यासारखे काही नव्हते, म्हणून ते निर्भय होते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून आरंभिली आहे. आर्जव व सत्य त्यामागून येतात. या क्रमाचे मर्म शास्त्रीबोवांच्या जीवनात स्पष्ट दिसते. भय सुटल्याखेरीज सत्य उच्चारता येत नाही, आणि लोभ सुटल्याखेरीज भय सुटत नाही.

या सचोटीने त्यांस लाभ झाला काय? पद गेले, हे खरे. तथापि रघुनाथरावांची सत्ता टिकली नाही, आणि पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांस सन्मानाने पुन्हा न्यायासनावर बसविण्यात आले. १७८९ साली त्यांचा देहांत झाला. परंतु ते पद परत मिळाले नसते, तरी त्यांच्या निर्णयाचे मोल तिळमात्र उणे झाले नसते.

वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांवर राजास शासन सांगण्याचा प्रसंग येणार नाही. पण खोटी पावती, मापातील कसर, कचेरीत नातलगासाठी टाकलेला शब्द, हे प्रसंग रोजचेच आहेत. तेथे दिलेला नकार लहान म्हणून वाया जात नाही. त्या नकारांतूनच मोठ्या प्रसंगी ताठ उभे राहण्याचे बळ साठत असते.