कै. नारायणराव मेघाजी लोखंडे

विद्यार्थिमित्रहो, सहा दिवस काम करावें आणि सातव्या दिवशीं विश्रांति घ्यावी, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती पूर्वापार चालत आली असावी असेंच आपणांस वाटतें. परंतु मुंबईच्या गिरणी-कामगारांस ही विश्रांति कोणी आपण होऊन दिलेली नाहीं. ती मिळविण्यासाठीं ज्या पुरुषानें आपल्या उमेदीचीं वर्षें वेंचिलीं, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

नारायणरावांचा जन्म इ. स. १८४८ मध्यें ठाणें येथें झाला. त्यांचें घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील कन्हेरसर गांवचें. घरची स्थिति बेताचीच होती. थोडेंबहुत इंग्रजी शिक्षण झाल्यावर त्यांनीं रेल्वेंत व टपालखात्यांत नोकरी केली आणि पुढें मुंबईंत मांडवी येथील एका कापड-गिरणींत ते भांडारपाल झाले. गरिबाच्या मुलास ही नोकरी कांहीं वाईट नव्हती. मान खालीं घालून हिशेब लिहीत राहिले असते, तर त्यांचे दिवस सुखानें गेले असते. पण तेथेंच गिरणीचें अंतरंग त्यांच्या दृष्टीस पडलें.

मुंबईंतील पहिली सूतगिरणी कावसजी दावर ह्यांनीं स्थापिली व ती १८५६ सालीं चालू झाली. पुढील पंचवीस वर्षांत गिरण्यांचीं धुराडीं एकामागून एक उभीं राहिलीं आणि कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें पोटासाठीं मुंबईस आलीं. त्या काळीं गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रें चालत. उन्हाळ्यांत हें काम तेरा-चौदा तासांवर जाई. आठवड्याची सुटी अशी नव्हतीच. वर्षाकांठीं सणावाराचे कांहीं दिवस मिळत, पण त्यांतही यंत्रें पुसण्यासाठीं कित्येकदां यावें लागे. पगार महिना उलटून गेला तरी हातीं पडत नसे. यंत्रांत हात सांपडून एखादा जन्माचा अपंग झाला, तर त्यास भरपाई मिळण्याची सोय नव्हती. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी झाली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा मिळाली. मोठ्या माणसांविषयीं मात्र त्या कायद्यांत कामाच्या तासांची किंवा सुटीची कांहींच तरतूद नव्हती.

नारायणराव हे महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. त्या समाजाच्या मताचें ‘दीनबंधु’ हें पत्र कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढिलें होतें. १८८० सालीं तें नारायणरावांनीं मुंबईस आणून चालविण्यास घेतलें. कामगारांचीं दुःखें लोकांपुढें मांडण्यास त्यांस आतां साधन मिळालें.

परंतु हें काम दिसतें तितकें सरळ नव्हतें. हिंदुस्थानांतील गिरण्यांस कायद्याचा लगाम घालावा, अशी मागणी मँचेस्टरचे कापडवालेही करीत होते. कारण मुंबईच्या मालाची त्यांस चढाओढ वाटत होती. ह्यामुळें कारखान्यांचा कायदा म्हणजे देशी धंदा बुडविण्याचा डाव, असें पुष्कळ देशी पुढाऱ्यांस व वृत्तपत्रांस वाटे. अशा वेळीं कामगारांची बाजू घेणें म्हणजे देशाच्या वैऱ्यास मिळणें, असा आरोप अंगावर ओढवून घेणें होतें. नारायणराव ह्या भीतीनें मागें सरले नाहींत. धंदा देशी असला म्हणून त्यांत राबणाऱ्याचा थकवा कमी होत नाहीं, ही साधी गोष्ट त्यांनीं ओळखली होती.

१८८४ सालीं सरकारनें मुंबईंत चौकशी-कमिशन नेमिलें. तेव्हां नारायणरावांनीं परळ भागांत सप्टेंबर महिन्याच्या २३ व २६ तारखांस कामगारांच्या सभा भरविल्या आणि एक अर्ज तयार केला. दर रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत पगार आणि जखमी झालेल्यास मदत, एवढेंच त्यांत मागितलें होतें. सुमारें ५,५०० कामगारांनीं त्यास संमति दिली. ह्याच सुमारास ‘बाँबे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहून नारायणराव तिचे अध्यक्ष झाले. तिला वर्गणी नव्हती, सभासदांची वहीही नव्हती. म्हणून पुढील काळच्या कामगार-संघांशीं तिची बरोबरी होत नाहीं. तथापि विखुरलेल्या हजारों मुक्या माणसांस तिनें प्रथम एक आवाज दिला.

अर्ज करून लगेच कांहीं मिळालें नाहीं. नारायणरावांनीं पुनः अर्ज केले, पुनः सभा भरविल्या. अखेर २४ एप्रिल १८९० रोजीं भरलेल्या सभेस सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं, हें त्या काळीं केवढें नवल! गिरणी-मालकांच्या संघानें १० जून १८९० रोजीं आठवड्याची सुटी मान्य केली. त्याच वर्षीं नेमिलेल्या सरकारी कमिशनाच्या मुंबईंतील कामांत नारायणरावांस सहकारी म्हणून घेण्यांत आलें. १८९१ च्या कायद्यानें सुटी व दुपारचा विसावा पक्का झाला, स्त्रियांचें काम अकरा तासांवर आलें आणि नऊ वर्षांखालील मुलांस गिरणीचें दार बंद झालें. प्रौढ पुरुषांच्या तासांस मर्यादा पडण्यास मात्र १९११ साल उजाडावें लागलें.

नारायणरावांची दृष्टि गिरणीपुरतीच नव्हती. १८९० सालीं विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनीं मुंबईच्या न्हाव्यांची सभा भरवून त्यांस तें काम सोडण्यास प्रवृत्त केलें. १८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हां दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली आणि ज्यास शक्य होतें तो शहर सोडून पळूं लागला. नारायणराव गेले नाहींत. रोग्यांसाठीं त्यांनीं रुग्णालय उघडलें व त्यांची सेवा करीत असतां त्याच रोगानें ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशीही त्यांनीं गांठली नव्हती. पुढच्याच महिन्यांत सावित्रीबाई फुले ह्यांनींही पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना देह ठेविला.

२००५ सालीं भारत सरकारनें नारायणरावांच्या नांवाचें टपालाचें तिकीट काढून त्यांचा गौरव केला. पण त्यांचें खरें स्मारक, आमच्या मतें, कामगाराच्या घरीं दर आठवड्यास येणारा सुटीचा दिवस हेंच होय. ते कांहीं फार मोठे विद्वान नव्हते, धनिकही नव्हते. शाळेंत जी थोडी विद्या मिळाली, ती त्यांनीं ज्यांस शाळा लाभली नाहीं त्यांच्या उपयोगीं आणिली. अर्ज कसा लिहावा, सभा कशी चालवावी, नकार आला तरी पुनः कसें मागावें, हें त्यांस येत होतें, आणि तें त्यांनीं दुसऱ्यांसाठीं केलें. विद्यार्थ्यांनो, एवढी विद्या तुमच्यांतील प्रत्येकास शाळा सोडण्यापूर्वीं येईल. तिचा उपयोग कोणासाठीं करावयाचा, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें आहे.