दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल, १८७० – १६ फेब्रुवारी, १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे मराठी निर्माते, दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि मुद्रक होते. १९१३ साली प्रदर्शित झालेला राजा हरिश्चंद्र हा त्यांचा मूकपट भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. त्यापूर्वी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे जवळून चित्रण करून अंकुराची वाढ ही मिनिटभराहून थोडी अधिक लांबीची चित्रफीत तयार केली होती. पुढील चित्रपटाच्या भांडवलाचा मार्ग या चित्रफितीमुळे मोकळा झाला.

सुरुवातीचे जीवन

फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. आईचे नाव द्वारकाबाई. वडिलांना मुंबईत अध्यापकाची नोकरी मिळाल्यावर कुटुंब तेथे स्थायिक झाले. १८८५ मध्ये फाळके यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबरच छायाचित्रणाचे आणि मुद्रणाच्या विविध प्रक्रियांचे शिक्षण घेतले. तेथील छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरण्याची मुभा कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना दिली होती.

काही काळ त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई (पूर्वाश्रमीच्या गिरिजा करंदीकर) पुढे चित्रपटनिर्मितीत त्यांच्या प्रमुख सहकारी बनल्या.

छायाचित्रण आणि ठसेकाम

१९०३ मध्ये फाळके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले. स्वदेशी चळवळीच्या काळात त्यांनी ही नोकरी सोडली आणि मुद्रणाच्या धंद्यात उतरले. लोणावळा परिसरात त्यांनी ठसे तयार करण्याचा कारखाना काढला, पुढे मुंबईत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सची उभारणी केली. १९०९ मध्ये रंगीत मुद्रणाची यंत्रे व तंत्र पाहण्यासाठी ते जर्मनीला गेले. भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी हा व्यवसायही सोडला.

मुद्रणातील या अनुभवाचा पुढील कामाशी जवळचा संबंध आहे. चित्राचा ठसा करताना मूळ चित्र कॅमेऱ्यासमोर उभे करून त्याचे छायाचित्र अनेकदा मूळ आकाराइतकेच घ्यावे लागते. त्यासाठी भिंग आणि काच यांमधील अंतर नेहमीच्या छायाचित्रणापेक्षा सुमारे दुप्पट होते आणि काचेवर पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांशावर येतो. कॅमेरा किंचित हलला तरी रेषा पुसट होतात. जवळची वस्तू टिपताना लागणारी स्थिरता, प्रकाशाचा हिशेब आणि संयम यांचा सराव या धंद्यात रोजच होत असे.

चित्रपटाकडे ओढ

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यावर राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणाव्यात, असे फाळके यांच्या मनाने घेतले. त्यानंतर काही महिने त्यांनी मिळतील ते चित्रपट पाहिले आणि रात्री जागून प्रयोग केले. त्याचा परिणाम डोळ्यांवर होऊन काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनंतर आणि चष्म्यांच्या साहाय्याने ती परत मिळाली. या काळात त्यांना नियमित उत्पन्न नव्हते आणि घरातील वस्तू विकाव्या लागत होत्या.

लंडन आणि कॅमेऱ्याची निवड

विमा पॉलिसी तारण ठेवून उभारलेल्या पैशांवर फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथील बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांनी भारताच्या हवामानात चित्रपटनिर्मिती जमणार नाही, अशी शंका प्रथम व्यक्त केली. पण फाळके यांची तयारी पाहून त्यांना मदतही केली. त्यांच्या ओळखीने फाळके यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहता आले.

हाती पैसे मोजके असल्याने निवड विचारपूर्वक करणे भाग होते. फाळके यांनी विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेतला. त्याबरोबर कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिच्या कडेला छिद्रे पाडणारे यंत्र मिळवले. कॅमेऱ्याचे निर्माते जेम्स विल्यमसन हे स्वतः चित्रपटकार होते. त्यांच्या १९०१ मधील एका लघुपटात एक माणूस कॅमेऱ्याकडे चालत येतो आणि अखेरीस त्याचे उघडे तोंड संपूर्ण पडदा व्यापते. अतिसमीप चित्रणाच्या आरंभीच्या उदाहरणांत या लघुपटाची गणना होते. १ एप्रिल, १९१२ रोजी फाळके मुंबईत परतले.

अंकुराची वाढ

कथापटासाठी नट, पोशाख आणि देखावे हवे होते व भांडवल संपले होते. अशा वेळी फाळके यांनी घरातच होणारा आणि खर्च न लागणारा विषय निवडला. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर मात्र बीजाचा अंकुर फुटून त्याचे रोप होताना मिनिटभरात दिसत असे.

या चित्रणात दिवसाला एकच चौकट घेतली गेली, असे अनेकदा सांगितले जाते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवल्या जात. त्या गतीने एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. म्हणजे महिनाभराच्या चित्रणात दररोज सरासरी ३० हून अधिक चौकटी घ्याव्या लागल्या असणार. जवळून चित्रण करताना स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली फार कमी असते; रोप वाढत भिंगाकडे झुकले तर ते अस्पष्ट होते. प्रकाश बदलला तर चित्र लुकलुकते. कुंडी किंवा कॅमेरा एकदा जरी सरकला तरी सलगता मोडते. नव्या कॅमेऱ्याची, फिल्म धुण्याच्या कामाची आणि चित्रकाराच्या चिकाटीची परीक्षा एकाच वेळी घेणारा हा विषय होता. ब्रिटनमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये फुले उमलण्याचे असेच चित्रण केले होते.

ही चित्रफीत फाळके यांनी निवडक परिचितांना दाखवली. तिने खात्री पटून त्यांना चित्रपटासाठी कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले.

राजा हरिश्चंद्र आणि नंतरचे चित्रपट

राजा हरिश्चंद्रचे चित्रण दादर येथे झाले. दत्तात्रय दामोदर दाबके यांनी हरिश्चंद्राची, अण्णा साळुंके यांनी तारामतीची आणि फाळके यांचे पुत्र भालचंद्र यांनी रोहिताश्वाची भूमिका केली. सरस्वतीबाई सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळून रात्री फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे ही कामेही करीत. चित्रपट ३ मे, १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

त्यानंतर मोहिनी भस्मासुर (१९१३), सत्यवान सावित्री (१९१४), लंका दहन (१९१७), श्रीकृष्ण जन्म (१९१८) आणि कालिया मर्दन (१९१९) हे चित्रपट आले. कालिया मर्दनमध्ये कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. लहान वस्तूंच्या चौकट-दर-चौकट चित्रणाकडेही फाळके पुन्हा वळले. आगकाड्यांची मौज या लघुपटात त्यांनी आगपेटीच्या काड्या पडद्यावर हालत्या केल्या. १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भागीदारांशी न पटल्याने फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले. गंगावतरण (१९३७) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट होता. बोलपटांच्या काळात त्यांना काम मिळेनासे झाले. १६ फेब्रुवारी, १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

भारत सरकारने १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने सुरू केला. १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. मुंबईतील गोरेगाव येथील चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले असून नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. राजा हरिश्चंद्रच्या निर्मितीवर परेश मोकाशी यांनी हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९) हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना राजा हरिश्चंद्रापासून आरंभ केला जातो. फाळके यांच्या कॅमेऱ्याचा आरंभ मात्र घरातल्या कुंडीतील वाटाण्यापासून झाला.