शेतकऱ्यांचे गुरू महात्मा जोतीराव फुले

खराडीच्या शिवारापलीकडे, मुळा-मुठेच्या दक्षिण तीरावर मांजरी गाव आहे. तेथे महात्मा जोतीराव फुले यांनी कालव्याच्या पाण्यावर बागायत केली, हे आपल्या तरुण ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. मुलींच्या शाळेमुळे व सत्यशोधक समाजामुळे त्यांचे नाव अजरामर झाले; परंतु जिराईत जमिनीविषयीचा त्यांचा विचारही तितकाच मोलाचा असल्याने त्याचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. मूळचे हे गोऱ्हे घराणे साताऱ्याकडील कटगुणचे; पुण्यातील फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे बांधकामाची कंत्राटे घेतली, शेती केली. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात कुणब्याची झालेली दैना त्यांनी समक्ष पाहिली.

या अनुभवातून १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ सिद्ध झाला. जमिनीचा कस का उतरला, याची मीमांसा त्यांनी त्यात केली आहे. खाणारी तोंडे वाढल्याने शेते पाळीपाळीने पड टाकणे अशक्य झाले. गायराने जंगलखात्यात गेल्याने गुरे घटली. आणि रानातील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून जाऊ लागले. यावर त्यांनी उपायही सांगितले. जागोजागी ताली-बंधारे अशा रीतीने घालावेत की, वळवाचे पाणी आधी शेतात मुरावे व मग ओढ्यास मिळावे. नदी-तलावांतील गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊ द्यावा. गायराने गावांस परत करावीत. आणि शेतकऱ्यांच्या मुलांस शेतीचे शिक्षण द्यावे.

ग्रंथ लिहून ते स्वस्थ बसले नाहीत. अक्षरशत्रू शेतकरी तो वाचणार कसा? म्हणून पुणे, हडपसर, जुन्नर, ओतूर अशा अनेक ठिकाणी त्यांनी तो स्वतः वाचून दाखविला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही तो ऐकला. ‘दीनबंधु’ पत्राने मात्र दोन प्रकरणांनंतर तो छापण्याचे थांबविले. तरी जोतीराव डगमगले नाहीत. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी देह ठेवला. १९६८ साली स्थापन झालेले राहुरीचे कृषी विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करते.

खराडीत आज नांगरापेक्षा इमारतीच अधिक दिसतात. तथापि आपल्यापैकी अनेक कुटुंबांची शेती गावाकडे अद्याप आहे. ती कोणी पडीक ठेवली असेल, कोणी विकावयास काढली असेल. त्या सर्वांस आमची नम्र विनंती एवढीच की, पुढील वळवापूर्वी आपल्या शेताचा बांध एकदा पाहून यावा. जोतीरावांचे खरे स्मरण तेच होय.