राळ्याचा भात आणि सोलापूरचे डॉक्टर

बीडमध्ये संध्याकाळी कुठल्याही मोठ्या रस्त्यावर चायनीजची गाडी दिसतेच. अंबाजोगाई, परळी, गेवराई कुठेही जा, मंचुरियन, हाक्का नूडल्स, शेजवान राईस ही नावं पोराटोरांना पाठ असतात. यातलं शेजवान म्हणजे सिचुआन, चीनमधला एक प्रांत. हाक्का हा तिथला एक समाज. नावं तिथली, पण चव मात्र आपल्या मातीतली. मंचुरियन तर 1975च्या सुमारास मुंबईतच जन्मलं, असं सांगतात.

मग खरं चिनी जेवण कसं असतं? ते महागड्या हॉटेलात नव्हे, तर तिथल्या खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं जेवलेला एक मराठी माणूस होऊन गेला. बीडहून धाराशिव, तुळजापूर मागे टाकलं की येतं ते सोलापूर, तिथले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910चा. मध्यमवर्गीय घर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले. पुढच्या परीक्षेची तयारी चालू असतानाच जपानने चीनवर आक्रमण केल्याच्या बातम्या येऊ लागल्या. चीनने मदत मागितली आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. त्यात अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस होते. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबई बंदरातून बोट निघाली, तेव्हा ते अवघे 27 वर्षांचे होते.

कॅन्टन, हँकाऊ करत पथक चुंगकिंगला पोचलं. हे शहर तेव्हा सिचुआन प्रांतातच होतं. म्हणजे आपल्या मेन्यूकार्डावरच्या शेजवानचा खरा गाव. तिथल्या स्वयंपाकात मिरचीसोबत एक मसाला असतो, जिभेला झिणझिण्या आणणारा. आपल्या कोकणातल्या तिरफळाचाच तो भाऊबंद. पण या मुक्कामात जिभेचे लाड करण्याची वेळच नव्हती. घरून वडील गेल्याची बातमी आली. घरी आई, भावंडं. परत जायचं की पुढे? कोटणीस पुढे गेले.

फेब्रुवारी 1939मध्ये ते येनानला पोचले आणि नंतर उत्तरेच्या डोंगराळ युद्धभागात. तिथे भाताची चैन नव्हती. रोजचं अन्न म्हणजे बारीक पिवळ्या दाण्यांचं भरड धान्य, शिजवून किंवा पातळ पेज करून. चिनी भाषेत त्याला श्याओमी म्हणतात. मैत्रिणींनो, हे धान्य म्हणजे आपला राळा! उत्तर चीनमध्ये तो काही हजार वर्षांपासून पिकतो. बाळंतिणीला तिथे आजही राळ्याची पेज देतात, जसं आपण डिंकाचे, हळिवाचे लाडू देतो.

कोटणीसांनी तिथली भाषा शिकून घेतली, इतकी की विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवायचे. 1940च्या लढाईत सलग 72 तास न झोपता त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी 1941मध्ये, कॅनडाहून आलेल्या दिवंगत डॉ. बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. परदेशी डॉक्टर म्हणून वेगळं, चांगलं अन्न मिळू शकलं असतं. ते त्यांनी घेतलं नाही. सैनिकांच्या पानात जे, तेच आपल्या पानात.

इथेच त्यांची गाठ पडली गुओ चिंगलान या परिचारिकेशी. ती शान्शी प्रांतातली. हा प्रांत गव्हाच्या नूडल्ससाठी आणि मुरवलेल्या व्हिनेगरसाठी नावाजलेला. घट्ट कणकेचा गोळा हातावर धरून सुरीने सपासप कापे थेट उकळत्या पाण्यात सोडायचे, ही तिथली खासियत. आपल्या वरणफळांची आठवण यावी अशीच. नोव्हेंबर 1941मध्ये दोघांचं लग्न झालं. पण संसार मांडला तो टंचाईच्या वर्षांत. दुष्काळ आणि शत्रूचा वेढा यामुळे सैन्यावर झाडपाला खायची वेळ आली. तेव्हा गावाजवळच्या झाडांची पानं गावकऱ्यांसाठी राहू द्या, सैनिकांनी ती तोडू नयेत, असा हुकूम 1942मध्ये निघाला होता. दुष्काळ पाहिलेल्या बीडच्या बाईला त्या हुकुमाचा अर्थ समजावून सांगायला नको.

अशा दिवसांत, ऑगस्ट 1942मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. उपचारासाठी बाहेर जा, असं सगळे सांगत होते. त्यांनी काम सोडलं नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32व्या वर्षी ते गेले. चिंगलान 26 वर्षांची, मांडीवर साडेतीन महिन्यांचं लेकरू.

1946मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीस घराघरांत पोचले. चिंगलानच्या वाट्याला मात्र पुढची 70 वर्षं आली. मुलगाही डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर 1967मध्ये गेला. तरी तिने भारताशी आणि सासरच्या माणसांशी नातं तोडलं नाही. ती अनेकदा इथे येऊन गेली. 2012मध्ये वयाच्या 96व्या वर्षी तिने डोळे मिटले.

परक्या मुलखाची चव घेणं सोपं असतं, पैसे मोजले की ताट समोर येतं. त्या मुलखाची टंचाईही आपली मानून जेवणं अवघड. म्हणूनच तिथली माणसं कोटणीसांना आपलं मानतात. आपल्याकडे काही घरांत भोगीला राळ्याचा भात करतात. या भोगीला तो शिजवाल तेव्हा पोरांना सांगा, हेसुद्धा चायनीजच आहे, आणि आपल्या शेजारच्या सोलापूरचे एक डॉक्टर तिथे हेच खाऊन जगले होते.