सक्तीच्या शिक्षणाचे आद्य प्रवर्तक श्रीमंत सयाजीराव महाराज

इल्म हासिल करणे हे आपल्या दीनमध्ये स्त्री-पुरुष सर्वांवर फर्ज आहे. फर्ज म्हटला की तो चुकवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. पण खेड्यातले एखादे पोर शाळेत गेलेच नाही, तर जाब कोणी द्यायचा? त्या पोराने, त्याच्या बापाने, की ज्याच्या हाती राज्याचा कारभार आहे त्याने? या प्रश्नाचे उत्तर हिंदुस्थानात ज्या राज्यकर्त्याने सर्वांआधी कृतीने दिले, ते बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड होत. त्यांच्या चरित्रातील अनेक पैलूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात मुख्यतः त्यांच्या खेड्यांतील शाळांच्या कारभाराचा परिचय करून देण्याचा हेतू आहे.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कौळाणे या गावी एका शेतकरी घरात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव, वडिलांचे नाव काशीराव. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेतले. सन १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनी दत्तक घेण्यासाठी या मुलाची निवड केली. त्या वेळी गोपाळरावांचे वय बारा वर्षांचे होते आणि तोपर्यंत त्यांना अक्षरओळखही झालेली नव्हती. बडोद्यास आल्यावर इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांचा अभ्यास सुरू झाला. दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून त्यांना राज्यकारभाराचे धडे मिळाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणारा मुलगा पुढे विद्येचा एवढा मोठा आश्रयदाता झाला. निरक्षर राहणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते असेच म्हणावे लागेल.

बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते. मधे मधे इंग्रजी मुलूख आणि दुसरी संस्थाने पडत. अशा मुलखात राजधानीत बसून शाळा चालवणे अवघड होते. सुरुवातीच्या वर्षांत महाराजांनी स्वतः प्रांतोप्रांती फिरून रयतेची स्थिती पाहिली. सन १८९१ मध्ये त्यांनी ग्रामशाळांची योजना आखली. ठरावीक संख्येने मुले मिळतील अशा गावी शाळा काढावी आणि तेथील शिक्षकाला गावच्या इतर कामगारांप्रमाणे गावगाड्यातच स्थान द्यावे, असा त्या योजनेचा गाभा होता. शाळा ही बाहेरून आलेली सरकारी कचेरी न वाटता गावची वाटावी, ही दृष्टी त्यामागे होती.

मात्र शाळा काढली म्हणून मुले येतातच असे नाही, हा अनुभव खेड्यात काम केलेल्या कोणत्याही शिक्षकाला आहे. पेरणी आली की वर्ग रिकामा, कापणी आली की पुन्हा रिकामा. गुरे कोणी राखायची, धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे, हे प्रश्न गरिबाच्या घरी खरेच असतात. म्हणून महाराजांनी पुढचे पाऊल टाकले. सन १८९३ मध्ये अमरेली शहर व आसपासची नऊ गावे यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली यांना ही सक्ती लागू झाली. हिंदुस्थानात हा पहिलाच प्रयोग होता. विशेष म्हणजे त्यासाठी त्यांनी राजधानीजवळचा सुधारलेला भाग निवडला नाही. शिक्षणात मागासलेला, काठेवाडातला दूरचा तालुका निवडला. तेथे योजना टिकली तर ती कोठेही टिकेल, हा हिशेब त्यात दिसतो.

या प्रयोगात घाई नव्हती. दरवर्षी थोडी थोडी गावे वाढवत नेऊन अमरेली तालुक्यातील बावन्न गावे सक्तीखाली आणली गेली. मधल्या काळात १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. गुजरातेत त्याला छपनिया म्हणतात. सन १८९१ मध्ये बडोदे संस्थानची वस्ती सुमारे २४ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. ज्या राज्यात इतकी माणसे कमी झाली, तेथे शाळेचा खर्च सर्वांत आधी कापला गेला असता तरी कोणी नवल केले नसते. महाराजांनी अमरेलीचा प्रयोग गुंडाळला नाही. उलट त्या अनुभवाच्या पायावर १९०६ मध्ये कायदा करून सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू केली.

कायद्याची अंमलबजावणी कशी होत असे, हे पाहण्यासारखे आहे. गावातील शाळेच्या वयाच्या मुलामुलींची यादी तयार केली जाई. तिच्या आधारे पालकांना सूचना मिळे. तरीही मूल शाळेत आले नाही तर दंड होई. तालुक्याचा वहिवाटदार आणि प्रांताचा सुभा यांच्या महसुली कामांत आता शाळेच्या हजेरीचीही भर पडली. त्याचबरोबर सवलतींचीही तरतूद होती. मूल आजारी वा अधू असेल, शाळा फार दूर असेल किंवा घर त्याच्याच कमाईवर चालत असेल, तर सक्तीतून सूट मिळे. दंडाविषयी रयतेत कुरकुर होती हेही सांगितले पाहिजे. काही पालक दंड भरत, पण मूल पाठवत नसत. गरिबाला तो दंड जाचक होई. सक्तीची ही बाजू नजरेआड करून चालणार नाही.

परंतु सक्ती केल्याबरोबर ती सरकारवरही उलटते. बापाला दंड करायचा तर आधी त्याच्या गावात शाळा हवी, शाळेला छप्पर हवे, शिकवायला मास्तर हवा आणि फी माफ हवी. महाराजांनी हा व्यवहार मान्य केला आणि त्यासाठी पैसा ओतला. मास्तर तयार व्हावेत म्हणून अध्यापन विद्यालये चालवली, मुलींसाठी शिक्षिका मिळाव्यात म्हणून स्त्रियांसाठीही तशी सोय केली. गुजराती व मराठी शाळांबरोबर उर्दू शाळाही संस्थानात होत्या.

येथे आपल्या समाजाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. राज्यकारभार हाती आल्यावर थोड्याच काळात महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. त्यांना अंत्यज शाळा म्हणत. त्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, विटाळाची भीती आड आली. अशा वेळी मुसलमान शिक्षकांनी ते काम पत्करले. ज्या मुलांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांना पाटीवर पहिले अक्षर गिरवायला शिकवणारे अनेक हात आपल्या मुसलमान मास्तरांचे होते. त्यांची नावे आज बहुतेकांना ठाऊक नाहीत. पण शिक्षणाच्या इतिहासात त्यांचा वाटा लहान नाही. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, हे सर्वश्रुत आहे.

बडोद्याचा हा प्रयोग संस्थानापुरता राहिला नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे आकडे पुढे केले. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात शेकडा सुमारे ८० मुलगे शाळेत होते, ब्रिटिश मुलखात सुमारे २१. मुलींच्या बाबतीत बडोद्यात शेकडा सुमारे ४७, तर ब्रिटिश मुलखात फक्त ४. शिक्षणावरचा दरडोई खर्चही बडोद्यात सुमारे सहापट होता. सरकारने ते विधेयक १९१२ मध्ये हाणून पाडले. पण जे एका देशी संस्थानाला जमले ते बलाढ्य साम्राज्याला का जमू नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

आणखी एक अडचण महाराजांच्या ध्यानात आली. चार यत्ता शिकून मूल शेतात गेले की काही वर्षांत वाचायचे विसरे. केलेला सारा खर्च पाण्यात जाई. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावले आणि गावोगाव वाचनालये उभारण्याचे काम सुरू केले. गावकऱ्यांनी काही रक्कम जमवावी, तितकीच प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, अशी पद्धत होती. जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. शाळा सुटल्यावरही अक्षर टिकले पाहिजे, इतक्या दूरचा विचार त्यामागे होता.

एवढे करूनही संस्थान पूर्ण साक्षर झाले नाही. एकशिक्षकी शाळा, मधेच शाळा सोडणारी मुले, मुलींची कमी हजेरी या व्याधी राहिल्याच. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले तेव्हा काम अपुरे होते. तरी दिशा त्यांनी दाखवून ठेवली होती. स्वतंत्र भारतात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. अमरेलीच्या पहिल्या दहा गावांपासून तेथवर पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांनी या चरित्रातून काय घ्यावे? इमारतीचे उद्घाटन, कोनशिला, हारतुरे हे एक दिवसाचे काम आहे. शाळा चालते ती मुलांच्या यादीवर, रोजच्या हजेरीपटावर, वेळेवर मिळणाऱ्या पगारावर आणि पावसाळ्यापूर्वी शाकारलेल्या छपरावर. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वाडीवर शाळेच्या वयाची किती मुले-मुली आहेत आणि त्यांपैकी किती घरी बसली आहेत, याची यादी संस्थेच्या दफ्तरात असली पाहिजे. मुलगी चौथीनंतर का आली नाही, हे विचारायला कोणीतरी तिच्या घरी गेले पाहिजे. आपल्यापाशी दंडाचा अधिकार नाही, परंतु दारापर्यंत जाण्याची मोकळीक निश्चित आहे. तालीम हा फर्ज असेल, तर तो फर्ज अदा करण्याची वाट सोपी करून देणे हे जाणत्यांचे काम आहे. अल्लाहतआला आपणां सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.