पंडिता रमाबाई आणि उद्याची चिंता

आपल्या मंडळाच्या वाढदिवसाच्या अंकात मीही चार ओळी लिहाव्यात अशी आज्ञा झाली. आपण बायका एकत्र जमलो की बोलणे फिरून फिरून काळजीवर येते. कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचे दुखणे. अशा वेळी देवावर भार टाका असे आपण एकमेकींना सांगतो. पण तो भार टाकावयाचा कसा, आणि टाकल्यावर मनाला आनंद होतो तो कुठून, हे ज्यांच्या आयुष्याकडे पाहून मला थोडेफार समजले, त्या पंडिता रमाबाईंविषयी लिहिते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. लोकांचा विरोध सोसून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थांतून फिरत असे. त्यांची देवावर अपार निष्ठा होती. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात व व्रतांत गेले. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागण्याची लाज. पाल्यावर आणि रानफळांवर दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलण्यास माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंचीने लहान म्हणून त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी देशभर हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे करून, वाळूच अंगावर ओढून ती भावंडे थंडीच्या रात्री काढीत.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगितले. देवावर विसंबलेली आपलीच माणसे उपाशी गेलेली जिने सोळाव्या वर्षी पाहिली, तिला पुन्हा विश्वास ठेवणे किती जड गेले असेल! रमाबाईंचा विश्वास असा अनुभव पचवून आलेला होता, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

१८७८ साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला व पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. पण दुःख पाठ सोडीना. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली पतीस पटकीने नेले. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत हिंडून हिंदी विधवांसाठी मदत मिळविली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले.

आपल्याला वाटेल, बाप्तिस्मा झाला म्हणजे मन शांत झाले असेल. तसे झाले नाही. सुमारे आठ वर्षे रमाबाईंना आतून चैन नव्हते. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना वाटे. विल्यम हॅसलाम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. तो गृहस्थही अनेक वर्षे उपदेश करूनही आतून कोरडाच होता. १८९१ च्या सुमारास रमाबाईंना उमगले की आपण आपल्या चांगुलपणाचे ओझे वाहत आहोत. देवापुढे रिकाम्या हाताने गेले तरी चालते. त्या दिवसापासून आपल्याला न आटणारा आनंद मिळाला असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

लगेच त्या आनंदाची परीक्षा झाली. १८९३ साली धर्माच्या कारणावरून पुण्यात मोठा गहजब झाला, सल्लागार मंडळातील थोर माणसांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्यातून सावरतात तो मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपले उपाशी दिवस आठवून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि १८९७ पर्यंत सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. नियमांमुळे इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. केडगावला शारदा सदनासाठी घेतलेली शेतजमीन होती. तिथे झोपड्या उभारून त्यांना नेले. तेच मुक्ती सदन. अमेरिकेतील मंडळींनी दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते, तेही शारदा सदनापुरते. या नव्या मुलींसाठी कोणीच बांधलेला नव्हता. त्यात १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि केडगावी जेवणारी तोंडे दोन हजारांच्या घरात गेली.

माझ्या घरात सहा माणसे. वीस तारीख उलटली की डबे उघडताना माझा जीव धास्तावतो. दोन हजारांचे धान्य उद्या कुठून येणार, हे ठाऊक नसताना रमाबाईंना झोप कशी लागत असेल? त्या पहाटे उठून प्रार्थना करीत आणि गरज देवापुढे मांडीत. त्यांच्या कामाची हकीकत वाचून देशोदेशींचे लोक पैसे पाठवीत. पण प्रार्थना करून त्या हात जोडून बसल्या नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. त्यांनी विहिरी खणविल्या, फळझाडे लावली, गोठा, तेलघाणा, विणकाम, छापखाना चालविला. आपल्या आईबापांना हाताचे काम येत नव्हते, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून मुक्तीतील प्रत्येकीच्या हाताला त्यांनी काम दिले. आंधळ्या बहिणींनाही दिले.

उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकून पवित्रशास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. त्याचे खिळे मुक्तीतील बायकाच जुळवीत. कानांनी ऐकू येईनासे झाले होते. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मनोरमा, जिच्या हाती सारे सोपवावयाचे होते, तीच गेली. आईच्या जिवाचे काय झाले असेल ते आपण आया जाणतो. तरी हातातले काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेवला आणि भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती आजही चालू आहे.

भगिनींनो, रमाबाईंच्या अडचणी देवाने दूर केल्या म्हणून त्या आनंदी झाल्या, असे मला दिसत नाही. अडचणी शेवटपर्यंत होत्या. उद्याचा भार त्याच्यावर सोपविल्यामुळे आजच्या कामाला त्यांचे हात मोकळे राहिले, आणि आनंद त्या मोकळेपणात होता. आपण रात्री अंथरुणावर पडून उद्याची भाकरी दहा वेळा भाजतो आणि सकाळी थकून उठतो. त्याऐवजी निजताना प्रार्थना करावी आणि सकाळी पीठ मळावयास घ्यावे. एवढे साधले तरी पुष्कळ झाले.