रात्री दोनचा अभ्यास

मैत्रिणींनो, दहावीची परीक्षा जवळ आली, की घरोघरी एकच काळजी. एवढ्या गोंगाटात पोरं अभ्यास करणार कधी? आपल्या कोल्हापुरात बिंदू चौकात ज्यांचा पुतळा १९५० पासून उभा आहे, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी हेच सोसलं. मुंबईत परळच्या चाळीत सगळ्यांना मिळून एकच खोली. तिथंच चूल, धूर, भांडीकुंडी. उशाला जातं, जवळच बांधलेली शेळी. बाहेर चाळीचा कलकलाट. वडील रामजी सुभेदारांनी यावर तोड काढली. भीमाला ते लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. मग त्याला उठवून त्याच्याच जागेवर आडवे होत. सारी चाळ झोपलेली, नि पोरगा मिणमिणत्या दिव्यापाशी उजाडेपर्यंत वाचतोय! १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ मध्ये बी.ए. पुढं मार्च १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत खुद्द शाहू महाराजांनी त्यांना समाजाचा पुढारी म्हणून गौरवलं.

घर लहान असलं तरी शांतता सापडते. त्यासाठी घरातल्या कुणीतरी जागायला मात्र हवं. आणि ते दरवेळी आईनंच का? रामजींसारखं बाबांनीही जागावं की!